देवळांतील सरगम आणि मुंबईचें जॅझ

(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवांत चिचगड येथें केलेलें भाषण)



या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली, तेव्हां कोणता विषय घ्यावा याचा मीं पुष्कळ विचार केला. धर्मग्रामाचा इतिहास माझ्याहून वडील मंडळी अधिक अधिकारानें सांगतील. मी गायकवृंदाच्या मागच्या बांकावर बसणारा मनुष्य. म्हणून गाण्याबजावण्याविषयींच बोलतों. विषय आहे मुंबईचें जॅझ संगीत आणि तें घडविणारे गोव्याचे कॅथलिक वादक. “चिचगडच्या रानांत हा विषय कशाला?” असें कोणी म्हणेल. त्यास माझें उत्तर असें कीं, ‘अलबेला’ चित्रपटांतील चाली आपल्या वरातींतील बँडवालेहि वाजवितात. त्या चालींतील ट्रम्पेटचा मूळ धनी कोण, हें मात्र आपण कधीं विचारलें नाहीं. तेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम जॅझ म्हणजे काय तें पाहूं. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील न्यू ऑर्लिन्स शहरीं कृष्णवर्णीय लोकांमध्यें या संगीताचा उदय झाला. ज्यांचे वाडवडील गुलाम होते, त्यांचीं प्रार्थनागीतें, श्रमाचीं गाणीं आणि मिरवणुकीचे बँड हे त्याचे मूळ झरे. चाल सर्वांनीं मिळून वाजवावयाची, आणि मग एकेकानें त्या क्षणीं सुचेल तसा तिचा विस्तार करावयाचा, हें त्याचें मुख्य लक्षण. आपल्या गवयांचे आलाप व ताना ज्यांनीं ऐकल्या आहेत, त्यांस ही रीत परकी वाटणार नाहीं.

हें संगीत मुंबईस रुजलें तें १९३५ च्या सुमारास. त्या सालीं लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा संच ताजमहाल हॉटेलांत आला. पुढील वर्षीं ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आले, आणि त्यांच्याबरोबर पियानोवादक टेडी वेदरफर्ड. हे वेदरफर्ड पुढें हिंदुस्थानांतच राहिले व १९४५ सालीं कलकत्त्यास पटकीच्या आजारानें वारले. या पाहुण्यांपासून नवी विद्या उचलण्यांत गोव्याचे तरुण अग्रभागीं होते. तेच कां? याचें कारण शोधीत गेल्यास आपण एका लहानशा देवळाच्या दाराशीं येऊन पोंचतों.

पोर्तुगीज अमदानींत गोव्याच्या खेड्यांत देवळाला जोडून शाळा असे. तेथें ‘मेस्त्री’ नांवाचा संगीतशिक्षक गांवच्या मुलांस स्वरलिपि वाचावयास, गावयास आणि व्हायोलिन धरावयास शिकवी. हेतु एवढाच कीं, सणावाराच्या मिस्सेस व सायंप्रार्थनेस गायकवृंद कमी पडूं नये. मुलगा शेतकऱ्याचा असो वा सुताराचा, कागदावरील पांच रेघा पाहतांच त्याच्या ओठीं स्वर येई. पोटासाठीं हीं मुलें गांव सोडून गेलीं, तेव्हां हीच विद्या त्यांची शिदोरी झाली. पलटणींचे बँड, संस्थानिकांचे वाद्यवृंद, आगबोटी, मूकपटांचीं नाट्यगृहें आणि हॉटेलें, सर्वत्र त्यांस मागणी आली. मुंबईंत धोबी तलावाच्या आसपास त्यांच्या गांवोगांवच्या ‘कुडी’ होत्या. तेथें एका खोलींत अनेकांच्या पेट्या असत, आणि भिंतीशीं एक वेदी असे. संध्याकाळीं त्या वेदीपुढें जपमाळ होई.

यांपैकीं कांहीं नांवें आपण आज आदरानें घेऊं. बार्देश तालुक्यांतील हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ, जन्म १९१६. ‘चिक चॉकलेट’ या नांवानें ते गाजले. त्यांचें ट्रम्पेट ऐकून लोक त्यांस हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. मिकी कुरैया यांनीं १९३९ पासून १९६० पर्यंत, एकवीस वर्षें, ताजमध्यें वाद्यवृंद चालविला. फ्रँक फर्नांड यांची कथा मला विशेष हृद्य वाटते. १९४६ सालीं मसुरीस त्यांस गांधीजींची भेट घडली, आणि तेव्हांपासून एक प्रश्न त्यांच्या मनांत घर करून राहिला: परक्यांचें संगीत आपण उत्तम वाजवितों खरें, पण आपल्या वादनांत आपला देश कोठें आहे?

तिकडे मुंबई प्रांतांत १९४९ चा दारूबंदीचा कायदा झाला. नाचगृहांचें उत्पन्न घटलें आणि अनेक वादक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांकडे वळले. तेथें काम कसें चाले तें ऐका. संगीतदिग्दर्शक पेटीवर चाल म्हणून दाखवी. मग हे लोक ती कागदावर उतरवीत. व्हायोलिनांनीं काय वाजवावें, ट्रम्पेटनें कोठें उठावें, दोन कडव्यांमधील मोकळी जागा कशी भरावी, हें सर्व प्रत्येक वाद्यासाठीं निरनिराळें लिहून देत. एकच चाल, पण तिच्या खालीं व वर दुसरे स्वर गुंफलेले. देवळांतील चार आवाजांच्या गायनांत लहानपणीं उभे राहिलेल्यांस ही गुंफण उपजत झाली होती.

१९५१ सालीं ‘अलबेला’ निघाला. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र हे पुणतांब्याचे. कांहीं काळ ते आपल्या नागपूरास शंकरराव सप्रे यांच्यापाशीं गाणें शिकलेले. त्यांच्या जोडीस चिक चॉकलेट होते. नागपूरची तालीम आणि हळदोण्याचें ट्रम्पेट एकत्र आलें, आणि सारा देश त्या ठेक्यावर डोलला. लाहोरच्या हॉटेलांत वाद्यवृंद चालविणारे सेबास्तियन डिसोझा फाळणीनंतर मुंबईस आले व शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना करूं लागले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनीं प्यारेलाल यांस व्हायोलिन शिकविलें. पुढें १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटांत शिष्यानें गुरूचें नांव गाण्यांत गुंफलें. इतरांच्या वांट्यास तेवढेंहि आलें नाहीं. संगीतदिग्दर्शकाचें नांव पडद्यावर मोठ्या अक्षरांत येई. वाद्यरचना करणाऱ्याचें आलेंच तर ‘सहाय्यक’ म्हणून. वादक तर पुष्कळदां अनामच राहिले.

फ्रँक फर्नांड यांच्या प्रश्नाचें उत्तर हळूहळू मिळत गेलें. १९६३ सालीं त्यांनीं स्वतःच ‘आमचें नशीब’ हा कोंकणी चित्रपट काढला. मडगांवचे क्रिस पेरी यांनीं त्यास संगीत दिलें. पेरी यांनीं कोंकणी शब्द जॅझच्या लयींत बसविले, आणि लॉर्ना यांच्या कंठांतून तीं गाणीं घरोघर गेलीं. न्यूऱ्याचे ब्राझ गोन्साल्विस, जे चिक चॉकलेट यांचे जांवई, यांनीं १९७० च्या सुमारास सॅक्सोफोनवर राग आणि जॅझ यांचा मेळ घातला. याप्रमाणें पाहुणे म्हणून आलेलें संगीत घरचें झालें.

कोणी विचारील, नाचगृहांतील वादनाचा आणि ज्युबिलीचा संबंध काय? मी नम्रपणें म्हणतों, त्या मेस्त्रीनें आपल्या शिष्यांचीं पावलें कोठवर जातील हें जाणलें नव्हतें. त्यानें रविवारची मिस्सा सुरांत व्हावी एवढेंच पाहिलें. बीं पेरणाऱ्यास सर्व पीक पाहावयास मिळतें असें नाहीं. पण पेरलेंच नाहीं तर धान कोठून यावें, हें आपणां धानकऱ्यांस सांगावयास नको.

आमच्या झाडीपट्टींत सुगीनंतर रात्र-रात्र नाटकें चालतात. नटाचें नांव सकाळीं सर्वांच्या तोंडीं असतें. रंगमंचाशीं बसून रात्रभर ऑर्गन वाजविणाऱ्याचें नांव किती जणांस ठाऊक असतें? आपल्या देवळांतहि तसेंच आहे. म्हणून या ज्युबिलीनिमित्त माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, रविवारीं मिस्सेनंतर अर्धा तास मुलांस स्वरलिपि शिकविण्याची सोय व्हावी. तयार ठेके देणारें यंत्र आणणें सोपें आहे. पण यंत्र मुलाच्या हातीं विद्या देत नाहीं. आणि शिकतांना आमच्या गोंड बांधवांचा ढोल व रेला गीतें दाराबाहेर राहूं नयेत. फ्रँक फर्नांड यांचा प्रश्न आपलाहि आहे. दुसरी विनंती, या देवळांत आजवर ज्यांनीं गाइलें, वाजविलें, शिकविलें, त्या सर्वांचीं नांवें एका वहींत लिहून ठेवावीं. वृद्ध मंडळी आहेत तोंवर हें काम होईल. मागाहून होणार नाहीं.

ती वही व पेन मीं आज बरोबर आणलें आहे. भोजनानंतर मी देवळाच्या ओट्यावर बसेन. ज्यांस एक जरी नांव आठवत असेल, त्यांनीं कृपा करून यावें.

देव आपणां सर्वांचें कल्याण करो.