कारवानी की रामपुरी?

(मंडळाच्या सांस्कृतिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



उत्सवाच्या व्यासपीठावर हा माणूस कुत्र्यांबद्दल काय बोलणार, अशी शंका काही चेहऱ्यांवर मला दिसते आहे. पण आमच्या घरी शिकारी जातीचा कुत्रा आल्यापासून तुमच्यापैकी अनेकांनी मला एकच प्रश्न विचारला, "हाच का आणला?" तेव्हा सगळ्यांना एकदाच उत्तर देतो.

आमच्या घरात दोन पक्ष होते. मी सांगली जिल्ह्यातल्या जत भागातला. लहानपणी माळावर सशामागे वाऱ्यासारखी सुटलेली कारवानी कुत्री पाहिलेली. त्यामुळे माझं मत कारवानीला. चिरंजीव जन्मापासून दिल्लीचे. त्यांचं मत रामपुरीला. रामपुरी म्हटल्यावर सौभाग्यवतींना आधी हिंदी सिनेमातला चाकूच आठवला! पण त्याच रामपूरच्या नबाबांनी जोपासलेली ही कुत्र्यांची जात आहे, आणि ते रामपूर मुरादाबादच्या पुढे, दिल्लीपासून दोनशे किलोमीटरच्या आतच आहे. चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुमचं गाव तिकडे. माझं गाव हेच. मग कुत्रा इथला का नको?" मंडळी, या प्रश्नाला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हा वाद भाषेवरून, जेवणावरून, सुट्टीत कुठे जायचं यावरून होतो. आमच्याकडे तो कुत्र्यावरून झाला, एवढंच.

आता दोघांची थोडी ओळख. कारवानी म्हणजे व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, कारवानांबरोबर, दख्खनमध्ये आलेला कुत्रा. कान आणि शेपटीवर लांब केस असलेल्याला पश्मी म्हणतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोपासना केली, इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला जोडी भेट दिली, आणि 'मुधोळ हाउंड' हे नाव रूढ झालं. रामपुरीचं श्रेय नबाब अहमद अली खान यांना देतात. अफगाणी ताझी आणि इंग्लिश ग्रेहाउंड यांच्या संकरातून त्यांनी कोल्ह्यामागे धावणारा दणकट कुत्रा तयार केला. 9 जानेवारी 2005 रोजी टपाल खात्याने भारतीय कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यांत हे दोघेही आहेत.

दोघेही वासापेक्षा नजरेने शिकार करणारे. संस्थानं गेली, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि दोघांचीही नोकरी सुटली. ती बंद झाली हे योग्यच झालं. पण कुत्र्याच्या अंगातली धाव कायद्याने जात नाही. आता ही जात टिकवायची तर ती आपल्यासारख्यांच्या घरातच टिकणार, आणि अडचणही तिथेच आहे.

म्हणून आम्ही गाव बाजूला ठेवलं आणि घरातल्या चौघांनी बसून चार प्रश्न लिहून काढले.

पहिला, दोरी कोणाच्या हातात? मी आणि चिरंजीव साडेआठला घर सोडतो. दुपारी कुत्रा सौभाग्यवतींच्या हाती. कारवानी साधारण वीस ते पंचवीस किलोचा, अंगाने हलका. रामपुरी बहुधा त्याहून वजनदार, ताकदीचा. समोरून मांजर पळालं की दोघेही झेप घेणारच. ती झेप कोणाला आवरेल, हे पाहायला हवं.

दुसरा, धावणार कुठे? बागेतली फेरी या कुत्र्याला पुरत नाही. रोज थोडा वेळ तरी मोकळं पळायला कुंपण घातलेलं मैदान हवं. रिजवर किंवा यमुनाकाठी सोडायचा विचारही करू नका. तिथे ससे, नीलगाई, मोर आहेत, आणि एकदा नजर लागली की तुमची हाक त्याच्या कानात शिरत नाही. आमच्याजवळच्या एका शाळेचं मैदान पहाटे वापरायची परवानगी मिळाली. ती मिळाली नसती तर आम्ही दोघांपैकी एकही आणला नसता.

तिसरा, हवा. दोघांचेही केस आखूड, अंगावर चरबी नाही. जानेवारीत अंगात स्वेटर आणि खाली जाड गादी हवीच. मे-जूनमध्ये उन्हं चढायच्या आत फिरवणं संपवायचं, कारण डांबराने पाय पोळतात. छाती खोल असल्याने पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. म्हणून धावण्याच्या आधी आणि लगेच नंतर भरपेट खाऊ घालायचं नाही.

चौथा, पिल्लू मिळणार कुठून? मुधोळजवळ तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे, आणि त्या भागात अनेक कुटुंबं ही कुत्री पाळतात. 2016 मध्ये तिथली पिल्लं आपल्या मेरठला लष्कराच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी आली होती. अस्सल रामपुरी आता फार विरळा. रामपुरी म्हणून विकलेलं पिल्लू पुष्कळदा ग्रेहाउंडचा संकर निघतं. आईबाप दाखवतील अशा ठिकाणाहूनच पिल्लू घ्यायचं, हे आमचं ठरलं होतं.

चार प्रश्नांची उत्तरं मांडली आणि कौल कारवानीला गेला. चिरंजीवांनीच तो जाहीर केला. वर म्हणाले, "बाबा, तुमचं गाव आहे म्हणून नाही हं, आईला झेपेल म्हणून!" मला ते मनापासून पटलं.

पण ज्यांची नोएडाच्या पुढे किंवा हापूडकडे कुंपणाची जागा आहे, घरात धाकटी मुलं किंवा मांजर नाही, आणि आईबाप पाहून पिल्लू घेण्याची चिकाटी आहे, त्यांनी जरूर रामपुरीचा शोध घ्यावा. ज्या मुलखात आपण भाकरी मिळवतो, तिथली एक जात आपल्या हातून टिकली तर त्यात आपलाही मान आहे.

आणि ज्यांना यापैकी काहीच जमणार नाही, त्यांनी सोसायटीतल्या गल्लीतलं एखादं पिल्लू घरी न्यावं. तेही तितकाच जीव लावतं. पालिकेत नोंदणी आणि रेबीजची लस मात्र तिघांनाही सारखीच!