वाळूला वाहू द्या

पाऊस तोंडावर आला की आपल्याकडे झाडं लावण्याची एकच धांदल उडते, आणि कोकणात ती थेट किनाऱ्यापर्यंत जाऊन पोचते. मोकळी वाळू दिसली की लाव सुरूचं झाड, असा आपला खाक्या. झाडं लावण्याला नावं ठेवणारा माणूस कुणाला आवडत नाही. तरीही आज मी लावलेली झाडं तोडण्याबद्दलच बोलणार आहे, आणि त्यासाठी आधी ब्रिटनमधल्या वेल्सला, अँगलसी बेटावर जायला हवं.

या बेटाच्या नैर्ऋत्येला न्यूबरो नावाचं गाव आहे. १३३१ सालच्या डिसेंबरात तिथे असं वादळ झालं, की शेतंच्या शेतं वाळूखाली गेली. वाळू धरून ठेवणारं मॅरम नावाचं एक गवत तिथे उगवतं. ते उपटू नये, अशी बंदी पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात घातली गेली. तरी पुढे विसाव्या शतकापर्यंत याच गवताच्या चटया आणि दोर वळून गावातल्या कितीतरी घरांची चूल पेटत होती. गवत राखायचंही आणि कापायचंही! मॅरमचा स्वभाव मोठा विलक्षण. वाऱ्यानं आणलेल्या वाळूत गाडलं गेलं, की ते मरत नाही. पेरापेराला नवी मुळं फुटतात, कोंब वाळू फोडून वर येतात, आणि वाळूची टेकडी आणखी उंच होते. वाळू येणं थांबलं, की मात्र ते मलूल पडतं.

१९४७ पासून तिथल्या वनखात्यानं या टेकड्यांवर कॉर्सिकन पाइन लावायला घेतले. हेतू अगदी चोख होते : गावात वाळू घुसू नये, लाकूड मिळावं, लोकांच्या हाताला काम मिळावं. सुमारे ७०० हेक्टरांवर जंगल उभं राहिलं आणि वाळू थांबली. त्यातच १९५०च्या दशकात रोगाची साथ येऊन ससे मेले, गवत कुरतडणारं कुणी उरलं नाही. झाडं नव्हती तिथेही मग दाट गवत माजलं, आणि एके काळी दूरवर पसरलेली उघडी वाळू चाळीस वर्षांत नावापुरती राहिली.

आता कुणी म्हणेल, हिरवं झालं तर बिघडलं काय? बिघडलं ते टेकड्यांच्या मधल्या सखल जागी. वारा तिथली वाळू ओल लागेपर्यंत खरवडून काढतो. थंडीत तिथे पाणी साचतं, उन्हाळ्यात उतरतं, आणि त्या उघड्या ओल्या वाळूत नखाएवढ्या शेवाळवर्गीय वनस्पती आणि रानटी ऑर्किडं उगवतात. त्यांना खत नको, सावली नको, शेजारी तर नकोच. पाइन बारा महिने हिरवा. त्याच्या शेंड्यांवर अडलेला पाऊस तिथूनच उडून जातो, मुळं पाणी ओढतात आणि भूजल खाली जातं. खाली त्याच्या सुईसारख्या पानांचा थर साचून वाळू झाकली जाते, ती वेगळीच.

बरं, झाडं तोडली की काम झालं, असंही नाही. खुंट काढावे लागतात, सुयांचा थर खरवडावा लागतो, नाहीतर तिथे काटेरी झुडपं माजतात. समुद्राकडच्या टेकड्यांना यंत्रानं मुद्दाम खाचा पाडाव्या लागतात, म्हणजे वारा पुन्हा आत शिरतो. २०१८ पासून वेल्समधल्या अनेक किनाऱ्यांवर हे काम मोठ्या प्रमाणात झालं. न्यूबरोलाही अशा खाचा पाडल्या आहेत. पण जंगलाचा पुष्कळसा भाग तोडायची गोष्ट निघाली, तेव्हा गावकरी बिथरले होते. त्यांच्या फिरण्याच्या वाटा त्याच जंगलात, आणि दुर्मीळ तांबड्या खारी २००४ साली तिथेच सोडलेल्या. जंगल आजही बहुतांशी उभं आहे. मला यात काही गैर वाटत नाही. पन्नास-साठ वर्षांत माणसं झाडांना आपली मानू लागतात, म्हणून तर लावण्याआधी विचार करायचा.

आपला सुरूही मूळचा कोकणातला नव्हे, लावून वाढवलेला. त्याच्या बारीक काड्यांच्या गालिच्यातून दुसरं रोप सहसा डोकं वर काढत नाही. मुळं वाळू घट्ट धरतील, या भरवशावर तो पार पुळणीच्या तोंडाशी लावला जातो, आणि लाटा पायथा पोखरू लागल्या की तोच आधी आडवा होतो. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावर सुरूची बनं कशी झोपली, ते अनेकांनी पाहिलं आहे. कोकणातल्या वेळासला २००२ पासून ज्यांच्या घरट्यांची राखण होते, त्या ऑलिव्ह रिडले कासविणींना तर अंडी घालायला मोकळी वाळूच लागते. किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या सीआरझेडच्या, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांत सर्वात संवेदनशील वर्गात मोडतात, हेही ध्यानात असू द्या.

उभी बनं तोडा, असं मी म्हणत नाही. पण वादळानं जी जागा मोकळी केली आहे, तिथे समुद्राकडच्या पहिल्या पट्ट्यात पुन्हा सुरू लावू नका. तिथे वाळूवर पसरणाऱ्या मर्यादवेलीची कांडी पावसाच्या सुरुवातीला वाळूत खोचा. पेरांना मुळं फुटून ती आपली आपण पसरते. वेलीवरून गाड्या नेऊ नका, वाळू उपसू देऊ नका. यंदाच्या वृक्षारोपणाचा ठराव ग्रामसभेत येईल, तेव्हा एवढं जरूर मांडा.