चरबीच्या गाठी : भय आणि बेफिकिरी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी आरोग्य व्याख्यानमालेत एका निवृत्त विज्ञान शिक्षकांनी दिलेले व्याख्यान)





या व्याख्यानमालेत आजवर हृदयविकार, मधुमेह, नेत्रदान अशा थोर विषयांवर तज्ज्ञांची व्याख्याने झाली. माझा विषय त्या मानाने अगदी किरकोळ आहे आणि मी डॉक्टरही नाही. माझी पात्रता एवढीच, की माझ्या अंगावर आजमितीस चौदा गाठी आहेत. विश्वस्तांनी बोलण्याचा आग्रह केला तेव्हा मी म्हणालो, अण्णा, ज्याचा अभ्यास पस्तीस वर्षांहून अधिक काळ स्वतःच्या कातडीखाली चालू आहे, त्यावरच बोलतो.

वैद्यकीय भाषेत या गाठीस लिपोमा म्हणतात, आपल्याकडे आवाळू किंवा चरबीची गाठ. त्वचेच्या खाली चरबीच्या पेशींचा एक पुंजका पातळ आवरणात जमतो आणि वर्षानुवर्षे अतिशय मंद गतीने वाढतो. पाठ, खांदे, मान, दंड, मांड्या ही त्याची आवडती ठिकाणे. तो मऊ असतो, दुखत नाही, आणि कडेवर बोटाने दाबले की बोटाखालून निसटतो. मऊ ऊतींच्या निरुपद्रवी गाठींमध्ये सर्वाधिक आढळणारी गाठ हीच. बहुतेकांना एखादीच असते. काही घराण्यांत मात्र त्या अनेक असतात आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात. आमचे घराणे त्यांपैकी एक. माझ्या वडिलांना होत्या, आत्याला होत्या, धाकट्या भावाला आहेत. मुलाच्या विवाहाच्या बोलणीत आम्ही हे आधीच सांगून टाकले, तेव्हा व्याही हसून म्हणाले, "आमच्याकडे मधुमेह आहे, फिटाफीट झाली."

पण १९८८ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, स्नान करताना डाव्या दंडावर पहिली गाठ हाताला लागली तेव्हा मला हसू आले नव्हते. गाठ म्हणजे कॅन्सर, एवढेच समीकरण त्या काळी मनात होते. वडिलांच्या गाठी डोळ्यांदेखत असूनही स्वतःच्या बाबतीत ते आठवले नाही. चार महिने मी कोणास सांगितले नाही, पत्नीसही नाही. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालून वर्गावर जात असे. कोणाच्या तरी सांगण्यावरून गाठीवर चुना आणि गूळ लावला. कातडी भाजली, गाठ जागच्या जागी राहिली. ते भाजलेले पाहूनच पत्नीने मला मिरजेस नेले.

तेथील सर्जनांनी गाठ चाचपून पाहिली, मला मागे-पुढे वळवून आणखी दोन शोधून काढल्या आणि म्हणाले, "गुरुजी, या तुमच्या सोबतिणी आहेत. भिऊ नका." तेव्हापासून मी भिणे सोडले. इतके सोडले, की त्याचा पश्चात्ताप आजही आहे. त्याविषयी पुढे बोलतो.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मेदापासून होणाऱ्या ग्रंथीचे वर्णन आहे. ती स्निग्ध, मोठी आणि अल्प वेदनेची असते, हे वाचून आपलीच गाठ कोणी वर्णिली आहे असे वाटते. शरीराबरोबर ती वाढते आणि घटते, असेही तेथे म्हटले आहे. या एका बाबतीत माझा अनुभव निराळा आहे. येथील अनेकांना हा प्रश्न पडतो म्हणून सांगतो. दशलक्षण पर्वात मी दहा उपवास केले, वजन उतरले, गाठी मात्र तशाच. उलट भोवतालची चरबी कमी झाल्याने त्या अधिक उठून दिसू लागल्या. डॉक्टरांकडून कळले, की या गाठीतील चरबी शरीर उपासमारीतही सहसा वापरत नाही. तेव्हा उपवास अवश्य करावेत, पण गाठ विरघळावी म्हणून करू नयेत. तूप खाल्ल्याने त्या होतात, हाही भ्रम आहे. काटक, सडपातळ माणसांनाही त्या होतात.

खांद्यावरची एक गाठ पिशवीचा बंद लागून त्रास देऊ लागली, म्हणून मी ती काढून घेतली. जागेपुरती भूल, अर्ध्या तासाचे काम, पाच टाके. आतून निघाला तो लोण्याच्या गोळ्यासारखा पिवळसर पदार्थ. तो तपासणीस पाठविला गेला आणि अहवाल निर्दोष आला. आवरणासह पूर्ण काढली तर ती सहसा त्या जागी पुन्हा होत नाही. इतर गाठी मी ठेवल्या. प्रत्येक ठिकाणी व्रण करून घेण्यात काय अर्थ?

आता आत्याविषयी. १९९९ च्या दिवाळीत ती माहेरपणास आली होती. तिने माझ्या पत्नीस एकांतात सांगितले, की छातीत डावीकडे एक गाठ लागते. पत्नीने मला सांगितले. मी विज्ञानाचा शिक्षक, घरातला जाणकार. मी म्हणालो, "आत्याच्या हातांवर दहा आहेत, ही अकरावी. आपल्या घराण्याचीच." ना मी ती गाठ पाहिली होती, ना कोण्या डॉक्टरने. आत्यालाही तेच ऐकायचे होते. परक्या माणसास छाती दाखविण्यातून सुटका झाली. ती निश्चिंत मनाने परत गेली. पुढच्या श्रावणात काखेतही गाठ आली तेव्हा तिला मिरजेस नेले. तो स्तनाचा कर्करोग होता आणि पसरलेला होता. २००१ मध्ये ती गेली. तिने मला कधी बोल लावला नाही. शेवटच्या दिवसांत माझ्या दंडावरची गाठ हाताने चाचपून ती म्हणाली, "ही खरी आपली, बघ कशी पळते."

बंधु-भगिनींनो, चरबीची गाठ कर्करोगात बदलली असे येथे घडले नाही. तसे सहसा घडत नाही. घडले ते असे, की निरुपद्रवी दहांच्या ओळखीवर आम्ही अकरावीला न पाहताच घरात घेतले.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. तीत मानवाकृती काढून प्रत्येक गाठीची जागा दाखविली आहे आणि दर पाडव्यास शिंप्याच्या टेपने माप घेऊन लिहितो. पाठीवरच्या पत्नी मोजते. तेवढाच तिला माझ्यावर अधिकार गाजविण्याचा वार्षिक दिवस, असे ती म्हणते. नवीन आलेली गाठ, मग ती कितीही ओळखीची वाटो, एकदा डॉक्टरांना दाखवितो. पाच सेंटीमीटरहून मोठी, भराभर वाढणारी, कठीण, खोल रुतलेली, न हलणारी किंवा दुखणारी गाठ असेल तर वाट पाहायची नाही. सोनोग्राफी, प्रसंगी एम.आर.आय. आणि सुईने तुकडा काढून तपासणी, डॉक्टर सांगतील ते करावे. प्रत्येक दुखरी गाठ वाईटच असते असे नाही. रक्तवाहिन्या मिसळलेल्या काही चरबीच्या गाठीही दुखतात, आणि फिलाडेल्फियाचे डॉ. डर्कम यांनी १८८८ मध्ये वर्णिलेल्या विकारात तर चरबीच दुखते. परंतु हा निवाडा घरातल्या जाणकाराने करावयाचा नाही. स्तनातील गाठीबाबत तर कोणतेही माप, कोणतेही घराणे विचारात न घेता तपासणी करावी.

अध्यक्षांनी वेळेची चिठ्ठी पाठविली आहे. व्याख्यानानंतर शेजारच्या दालनात सर्जन बसणार आहेत आणि भगिनींसाठी वरच्या मजल्यावर महिला डॉक्टरांची स्वतंत्र व्यवस्था आहे. खालच्या रांगेत पहिला क्रमांक माझा आहे. उजव्या कोपराजवळ गेल्या पाडव्यास वहीत नसलेली एक सापडली आहे. मऊ आहे, हलते आहे, पण अजून ती कोणी पाहिलेली नाही.