बिल्ला कानात, नाव कोणाचं?



जनावर हरवलं की फोन येतो आणि प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, कानात बिल्ला आहे, मग गाय कुठं आहे ते मोबाईलवर दिसेल ना?" नाही दिसत. त्या पिवळ्या बिल्ल्यात बॅटरी नाही, सिम नाही. त्यावर असतो फक्त १२ आकडी नंबर. गाय कोणाला सापडली, तर तो नंबर पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगायचा. 'भारत पशुधन' प्रणालीत तो टाकला की मालकाचं नाव, गाव, मोबाईल निघतो.

पण ते नाव तुमचं आहे का? घोडेगावच्या किंवा काष्टीच्या बाजारातून गाय आणली, पैसे मोजले, दावणीला बांधली. नोंद मात्र जुन्या मालकाचीच राहिली! उद्या तिनं दावं तोडलं तर फोन जाणार विकणाऱ्याला. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय बाजार समितीत खरेदी-विक्री बंद केली, म्हणून बिल्ले तर मारून घेतले. नाव बदलायचं तेवढं राहून जातं. व्यवहार झाला की त्याच आठवड्यात दवाखान्यात जा, गाय आपल्या नावावर करून घ्या. मोबाईल नंबर बदलला तरी जा. पाथर्डी-शेवगावच्या ऊसतोड बांधवांनो, बैल घेऊन परजिल्ह्यात निघण्याआधी तुम्ही तर जाच.

आणि काही जण बिल्ला चक्क कापून टाकतात. अहो, का? कान चिघळला तर औषध लावू, आम्ही कशाला आहोत? लसीकरणाची, रेतनाची सगळी नोंद त्या नंबरावर असते. बिल्ला आपोआप पडला तर जुना नंबर सांगून नवा मारून घ्या.

ओळखीसाठी जनावराला डाग देऊ नका. मुक्या जिवाला चटका कशाला? त्यापेक्षा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. नाकाच्या शेंड्यावरच्या रेषा प्रत्येक जनावराच्या वेगळ्या असतात, म्हणून एक फोटो नाकाचा, अगदी जवळून.

कुत्र्यासाठी पट्टा, त्यावर तुमचा मोबाईल नंबर. मायक्रोचिप बसवता येते, तांदळाच्या दाण्याएवढी, १५ आकडी नंबराची; पण तीही ठिकाण सांगत नाही, वाचायला यंत्र लागतं आणि नोंद तुमच्या नावावर असावी लागते. पुन्हा तेच!

आज संध्याकाळी धार काढायला बसाल तेव्हा कानातला नंबर वाचून वहीत लिहा, आणि उद्या दवाखान्यात जाऊन तो कोणाच्या नावावर आहे, एवढं विचाराच.