पाठीवरचा पांढरा डाग



तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना पाठीवर पांढुरका डाग दिसला, की घरात पहिली शंका येते ती कोडाची. कुणी ग्रहण पाळलं नसेल म्हणतं आणि बोल लागतो आईला. एखाददुसरा असा डाग पुष्कळ निरोगी बाळांनाही असतो. त्याची काळजी नको. पण पानासारखे, एका टोकाला निमुळते असे तीन किंवा अधिक डाग असतील, तर डॉक्टरांना ट्यूबरस स्क्लेरोसिस या आजाराचा विचार करावा लागतो. साधारण सहा हजार बाळांमागे एकाला तो असतो. अंग फार गोरं असेल, तर हे डाग अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखालीच नीट दिसतात.

१८८० साली पॅरिसमध्ये डॉ. बूर्नव्हिल यांनी आकडीने दगावलेल्या एका मुलीचा मेंदू तपासला. त्यात त्यांना कंदासारखे टणक भाग आढळले. आजाराचं नाव त्यावरूनच पडलं.

कातडीवरच्या डागाचा मेंदूशी संबंध काय? गर्भ अवघ्या तीन आठवड्यांचा असतो, तेव्हा त्याच्या एकाच बाहेरच्या थरातून कातडी आणि मेंदू दोन्ही घडू लागतात. पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या दोन जनुकांपैकी एकात बिघाड झाला, की त्याच्या खुणा दोन्हीकडे उमटतात. सुमारे दोनतृतीयांश मुलांत हा बिघाड आईवडिलांकडून आलेलाच नसतो, नव्यानेच झालेला असतो. ग्रहणाचा तर काहीच संबंध नाही.

या आजारात बहुतेकांना आकडी येते. जवळजवळ निम्म्या मुलांत स्वमग्नता आढळते. कुणी अतिचंचल असतं, कुणाला झोप लागत नाही, कुणाला मोठेपणी चिंता आणि नैराश्य गाठतं. आपण मात्र अशा मुलाला हट्टी म्हणतो, लाडावलेलं म्हणतो, आणि उपचाराची वर्षं हातची जातात. म्हणूनच २०१२ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ परिषदेने सांगितलं, की अशा प्रत्येक रुग्णाच्या मनाची आणि वागण्याची तपासणी दरवर्षी व्हावी.

माझी कळकळीची विनंती आहे. असे डाग असलेलं बाळ पुन्हा पुन्हा दचकल्यासारखं पुढे वाकत असेल, तर पोटात मुरडा असेल म्हणून घुटी देत बसू नका; ती आकडी असू शकते. मोबाइलवर चित्रण करा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मूल मोठं असेल, तर डागांबरोबर त्याची झोप, त्याचं बोलणं, त्याची भीती यांबद्दलही डॉक्टरांना सांगा. डाग डोळ्यांना दिसतो. मुलाच्या मनातलं मात्र आपल्यालाच सांगावं लागतं.