चेतातंतूंचा पुरातन वाटाड्या

मारुंजीच्या घराघरांतून अतिपक्व केळ्यांवर घोंगावणाऱ्या इवल्याशा फळमाशीकडे कोणी आदराने पाहत नाही. परंतु तिच्या शरीरातील ‘लार’ नावाचे प्रथिन माणसाच्या मज्जारज्जूशी नाते सांगते, ही गोष्ट शिक्षकबंधूंनी अवश्य ध्यानी घ्यावी.

पेशीतील काही विकरे प्रथिनांच्या टायरोसिन या घटकावर फॉस्फेट चढवितात, तर काही ते उतरवितात. कालव्याचे दार उघडणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते वेळेवर बंद करणे. लार हे उतरविणारे विकर होय. त्याचा एक भाग पेशीबाहेर राहून संदेश टिपतो, दुसरा आत राहून काम करतो. माशीत ते नसेल, तर काही चेतातंतू नेमून दिलेल्या स्नायूंकडे न वळता सरळ पुढे निघून जातात.

माशीत या कुळाचे जनुक एकच आहे. उत्क्रांतीच्या ओघात मूळ जनुकाच्या प्रती होऊन मानवात लार, सिग्मा व डेल्टा अशी तीन भावंडे झाली. पाठीच्या कण्यास इजा होताच मज्जारज्जूत व्रण बनतो. त्यातील कॉन्ड्रॉइटिन सल्फेटयुक्त पदार्थ सिग्माला चिकटतात आणि वाढू पाहणारा तंतू अडतो, हे २००९ साली सिद्ध झाले. वाटाड्याच येथे पहारेकरी ठरतो! २०१५ साली सिग्माचा हा अडसर दूर करणारे लघुप्रथिन टोचल्यावर प्रयोगशाळेतील काही उंदरांची हालचाल सुधारली. मानवासाठी सर्वमान्य उपचार मात्र अद्याप हाती आलेला नाही.

मारुंजीहून फार दूर नसलेल्या खडकी येथे, मज्जारज्जूस इजा झालेल्या जवानांसाठी १९७४ साली पुनर्वसन केंद्र स्थापन झाले. या संशोधनाचे मोल तेथे कोणाला समजावून सांगावे लागणार नाही.