मिसळणाचा डबा आणि संगणकाची कॅश



‘तू कंपनीत नेमकं करतेस काय?’ असं सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं. माझं बरंचसं काम कॅशचं. रोकड नव्हे हं! उच्चार तोच, स्पेलिंग वेगळं. इंग्रजीच्या बाईंच्या लगेच लक्षात येईल.

फोडणी करताना आपण मोहरीसाठी वाण्याकडे धावत नाही. मिसळणाचा डबा ओट्यावरच असतो. रोजचं थोडंसं हाताशी, बाकीचं लांब. संगणकातली कॅश म्हणजे हेच.

फरक किती पडतो? प्रोसेसरला लगतच्या कॅशमधून माहिती साधारण १ नॅनोसेकंदात मिळते, मुख्य मेमरीतून १०० नॅनोसेकंदांत, तर फिरत्या हार्ड डिस्कवरून १० मिलिसेकंदांत. कॅशच्या वेळेला एक सेकंद मानलं, तर मेमरीला दीड मिनिटाहून जास्त लागेल आणि डिस्कला जवळपास चार महिने! मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली या कल्पनेवर लेख लिहिला. १९६८ मध्ये आयबीएमने जाहीर केलेल्या सिस्टिम ३६०, मॉडेल ८५ या संगणकात ती प्रत्यक्षात आली.

पण डब्यात वाट्या सातच. नवं ठेवायचं तर काहीतरी काढावं लागतं. सहसा ज्याला सर्वांत जास्त काळ हात लागलेला नाही, ते काढतात.

खरी अडचण पुढेच आहे. कॅशमध्ये असते ती प्रत. मूळ बदललं, तरी प्रत जुनीच राहू शकते. दहावीच्या निकालाचा दिवस आठवा. लाखो मुलं एकाच वेळी तेच पान उघडतात. सगळे मूळ डेटाबेसकडे गेले तर तो कोलमडेल, म्हणून मध्ये कॅश हवीच. पण ‘निकाल जाहीर झालेला नाही’ ही जुनी प्रत तिथे राहिली, तर निकाल लागूनही एखादी मुलगी रडवेली होऊन तेच वाचत बसेल.

म्हणून प्रत्येक प्रतीला आम्ही मुदत घालतो. शाळेचा पत्ता दिवसभर जुना चालेल. त्या दिवशी निकालाचं पान ३० सेकंदही फार. गुणपडताळणीत गुण बदलले, तर जुनी प्रत त्या क्षणी पुसायची. किती जुनं चालेल, हे यंत्र सांगत नाही. ते चुकलं तर कोणाला त्रास होईल, याचा विचार माणसालाच करावा लागतो. माझ्या कामातला अवघड भाग तो.

आपल्या मनातही एकमेकांच्या प्रती दहावीतल्याच आहेत. आज जेवताना त्या ताज्या करून घेऊ या.